पहिला घास भांडुपचा

मला आयुष्यात कुणाचा हेवा वाटलेला नाही. शेजारच्या शकुने हॉलला फॉल्स सीलिंग केलं तेव्हा मी स्वतः जाऊन "छान झालंय गं" म्हणून आले. माझ्या जावेचा मुलगा कॅनडाला गेला तेव्हा मी तिचे पेढे खाल्ले, तेही मागून घेऊन. पण आमच्या विहीणबाई सोनूबाई यांचं नाव निघालं की माझ्या पोटात दुखतं, आणि चांगलंच दुखतं, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कुणी शोधून काढायला नको.

सोनूबाई वेसाव्याच्या, म्हणजे वर्सोव्याच्या. कोळीवाड्यात घर, अंधेरीच्या बाजारात मासळीची जागा, आणि आवाज असा की त्या तिकडे "आयलीव काय गो?" म्हणाल्या तर आमच्या भांडुपच्या गॅलरीत ऐकू यावं. त्यांची नेत्रा आमच्या सिद्धेशची बायको. आणि या दोघांची मुलगी ओजस्वी, म्हणजे आमची ओजू, माझी एकुलती एक नात. ओजूला सोनूबाई दिसल्या की ती हातपाय झाडते, हसते, लाळ गाळते, काय काय करते. मी दिसले की ती गप्प बसून माझ्याकडे नीट बघते. तिची लंगोटी मी बदलते, तिला पायावर घेऊन अंघोळ मी घालते, तिच्या डोक्याला तेल मी चोळते. आणि हसते कुणाला बघून? आठवड्यातून एकदा गजरा माळून येणाऱ्या बाईला! माणसाने किती सोसायचं?

तर सकाळी सकाळी पोहे खाताना नेत्राने बॉम्ब टाकला.

"आई, माझी रजा संपत आली. ऑफिस अंधेरीला. म्हणजे ओजूला दिवसभर एक तर इथे तुमच्याकडे ठेवायचं, नाही तर वेसाव्याला मम्मीकडे. मी ठरवलंय, आता तिचं वरचं खाणं सुरू होईल ना, तेव्हा बघू. जिथे नीट खाईल तिथे राहील."

"आणि वेसाव्याला राहिली तर?"

"तर मग सोमवार ते शुक्रवार मीही तिकडेच राहीन. रोज भांडुप ते अंधेरी तिला घेऊन कोण जाणार त्या ट्रॅफिकमधून?"

मी सिद्धेशकडे पाहिलं. तो पोह्यांतले शेंगदाणे वेचत होता. हा मुलगा लहानपणापासून संकटात शेंगदाणे वेचतो. आमचे हे, चंद्रप्रकाश, ते तर बशीतला चहा फुंकत होते. म्हणजे नात हातची जाण्याची वेळ आली आणि घरातले दोन्ही पुरुष न्याहारीत गुंतलेले! तेव्हाच मी मनाशी ठरवलं. ओजूचा पहिला घास भांडुपचा असेल, माझ्या हातचा असेल, आणि असा असेल की पोरगी परत वेसाव्याचं नाव घेणार नाही.

आता पहिला प्रश्न, सुरुवात कधी करायची? मी म्हटलं, त्यात प्रश्न कसला? पाचवा महिना लागलाय, करा सुरू. सिद्धेशला मी चौथ्या महिन्यात पेज भरवली होती. आणि मुलीचं उष्टावण विषम महिन्यातच करतात, पाचव्या नाही तर सातव्या. आमच्याकडे कोकणात सगळ्या मुलींचं असंच झालंय.

"डॉक्टरांनी सहा महिने पूर्ण सांगितलेत," नेत्रा म्हणाली. "तोपर्यंत फक्त आईचं दूध. पाणीसुद्धा नाही."

"सहा? सहावा सम असतो बाळा. सहाव्यात मुलाचं करतात."

"सहा पूर्ण झाले की सातवा लागतो, आई. विषमच झाला ना?"

मी शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं हजेरीपटांची बेरीज केलेली बाई. माझ्या हिशेबात कुणी चूक काढली नव्हती. आणि हिने पोहे खाता खाता माझं शास्त्र आणि तिचा डॉक्टर एकाच महिन्यात आणून बसवले! तरी मी एक शेवटचा आधार धरला. म्हटलं, तुझ्या आईला विचार. सोनूबाई जुनं माणूस. त्यांनी सहा पोरं वाढवलीत, त्या काय डॉक्टरचं ऐकणार? निदान एवढ्या बाबतीत आम्ही दोघी एका बाजूला असू.

नेत्राने फोन स्पीकरवर टाकला. पलीकडून बाजाराचा गलका आणि त्यावर सोनूबाई.

"डागदर सांगतंय तं ऐकाला नको काय, विहीणबाय? आपला जमाना गेला. सहा महिनं पूरं होव दे."

नेत्रा म्हणाली, "बघा! मम्मी किती मॉडर्न आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मॉडर्न! ज्या बाईने आजवर डॉक्टरच्या गोळ्या उशीखाली ठेवून दिल्या ती बाई मॉडर्न, आणि मी मागासलेली! मी तिथल्या तिथे जाहीर केलं की माझीही काही हरकत नाही, सहा तर सहा, मी शब्द देते, त्याआधी माझ्या हातून पोरीच्या तोंडात काहीही जाणार नाही. असा मोठा शब्द देताना माणूस जरा जोरातच बोलतो. सगळी बिल्डिंग साक्षीला होती म्हणा ना.

पण तयारी करायला तर कुणाची मनाई नव्हती. म्हणून मी नाचणीचं सत्त्व घरी करायला घेतलं.

हे काम तसं सोपं. नाचणी निवडायची, धुवायची, भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, उन्हात वाळवायची, जरा भाजायची, दळायची, चाळायची. माझी आई करायची, तिची आई करायची. शकु म्हणाली, "अगं, दुकानात पाकीट मिळतं की." मी तिच्याकडे असं बघितलं की ती फॉल्स सीलिंगखाली परत गेली. मग पाच मिनिटांनी ती दुसरा सल्ला घेऊन आली, की त्यात बदाम घाल. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, खारीक घाला. लिफ्टमध्ये भेटलेल्या एका गृहस्थांनी, ज्यांचं नावही मला ठाऊक नाही, त्यांनी सांगितलं की त्यांच्या गावी यात थोडी सुंठ घालतात, मुलं पैलवान होतात. मी मान डोलवली. आमच्या सातेरी दर्शन सोसायटीत कुणाला पाण्याची टाकी कधी भरते हे माहीत नसतं, पण दुसऱ्याच्या बाळाला काय भरवावं हे सगळ्यांना पाठ असतं.

मोड छान आले. आता ऊन पाहिजे. आमच्या गॅलरीत ऊन फक्त चपला ठेवायच्या जागेपुरतं येतं. म्हणून गच्ची. आणि गच्चीला कुलूप, कारण तिथे सोलर पॅनल बसवलेत. किल्ली सेक्रेटरी दत्ताराम परब यांच्याकडे.

"अर्ज द्या," परब म्हणाले.

अर्ज म्हणजे माझा हातखंडा. मी सुवाच्य अक्षरात लिहिला. हेतू: नाचणी वाळवणे.

परबांनी चष्मा वर केला. "वाळवण? वाळवणाला परवानगी नाही हो. मागे कुणाच्या तरी कुरडयांनी पन्हळ तुंबली होती. तेव्हापासून ठराव आहे."

"अहो, नाचणी कुरडई नाही."

"ते मला कळतं, रुक्मिणीवहिनी. पण ठरावाला कळत नाही." मग त्यांना दया आली. "असं करा, हेतू बालसंगोपन लिहा. बालसंगोपनाविरुद्ध ठराव नाही."

मी बालसंगोपन लिहिलं. कमिटीची बैठक झाली. बैठकीत बालसंगोपन गच्चीवर का, म्हणून एका सदस्याने आक्षेप घेतला, मूल पडलं तर जबाबदार कोण? परबांनी समजावलं की मूल वर जाणार नाही, नुसती नाचणी जाणार आहे. शेवटी रविवारची सकाळ मंजूर झाली. तोवर माझ्या नाचणीचे मोड मुंडावळ्यांएवढे लांब झाले होते.

रविवारी मी गच्चीवर धुतलेली साडी अंथरली, नाचणी पसरली आणि दोन मिनिटं खाली पाणी प्यायला गेले. परत येते तर साडी दिसत नव्हती. साडीवर कबुतरं होती. पार टाकीपासून पॅनलपर्यंत कबुतरंच कबुतरं, भांडुपची तर होतीच, मुलुंडहूनही आली असावीत. मी दोन्ही हात वर करून "हाऽऽड! हाऽऽड!" करत त्यांच्यात शिरले. पलीकडच्या बिल्डिंगीतून कुणीतरी नेमका तेव्हाच फोटो काढला.

तो फोटो संध्याकाळपर्यंत आमच्या खालच्या मजल्यावरच्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. फोटोत मी मधोमध उभी, दोन्ही हात पसरलेले, चेहऱ्यावर भक्तिभाव म्हणावा असा काहीतरी, पायाशी दाणे आणि चहूकडे कबुतरं. खाली लिहिलेलं: "बंदी असूनही हे चाललंय." आता शहरात कबुतरांना दाणे घालण्यावरून आधीच रणकंदन चाललेलं. त्यात मी! दुसऱ्या दिवशी परबांनी मला नोटीस आणून दिली. कारणे दाखवा. तीस वर्षं मी दुसऱ्यांना कारणे दाखवा टाइप करून दिली, आणि आता माझ्यावर ही पाळी. वर लिफ्टमधले ते सुंठवाले गृहस्थ मला म्हणाले, "पुण्यकर्म आहे, पण श्वासाचे विकार होतात बरं."

सोनूबाईंपर्यंत तो फोटो कसा पोचला मला माहीत नाही. पण त्यांचा फोन आला. "विहीणबाय, तुमी तं हिरोईन दिसतंव!" आणि तो हसण्याचा आवाज. मी फोन कानापासून लांब धरला, तरी ऐकू आला.

दुसरी खेप मी घरातच केली. बेडरूममध्ये पंख्याखाली चादरीवर नाचणी, आणि हे हॉलमध्ये सोफ्यावर. ह्यांची काही तक्रार नव्हती. ह्यांची कशालाच तक्रार नसते. रोज सकाळी गॅलरीत खुर्ची टाकायची, मांडीवर ओजूला घ्यायचं, हातात चहाची बशी आणि समोर पेपर. आणि आश्चर्य म्हणजे ओजू तिथे अर्धा तास गप्प बसायची, हूं की चूं नाही. मला वाटायचं, पोरीला पेपराची आवड दिसते. खोटं कशाला सांगू, मला तेव्हा ह्यांचाही हेवा वाटायचा. माझ्या मांडीवर ती पाच मिनिटांत कुरकुरायची.

मधल्या काळात मी एकदा वेसाव्यालाही जाऊन आले. निमित्त नातीला बघायचं, कारण नेत्रा तिला घेऊन शनिवार-रविवार तिकडे गेली होती. खरं म्हणजे मला वास घ्यायचा होता. माझी खात्रीच होती, ही मॉडर्न बाई गुपचूप काहीतरी चाटवतेय. घाटकोपरहून मेट्रो धरली, ह्यांनाही सोबत घेतलं. सोनूबाईंनी आम्हाला आग्रहाने जेवायला बसवलं, आणि मी संधी साधून ओजूचं लाळेरं हुंगलं. बोंबलाचा वास! पण मग मी पडदा हुंगला, त्याला पण बोंबलाचा वास. उशीलाही तोच. त्या घरात माझ्या स्वतःच्या पदराला बोंबलाचा वास यायला लागला होता. पुरावा म्हणून उपयोग शून्य. परत येताना हे कसल्यातरी विचारात होते आणि मधेच गालात हसत होते. मी म्हटलं, जेवण चांगलं होतं म्हणून हसत असतील. ते खरंच चांगलं होतं, तेही एक दुःख.

नाचणी वाळली. ह्यांना चक्कीवर पाठवलं. जाताना हजारदा बजावलं, आधी कुणाचं दळलंय ते बघा. हे गेले, चक्कीवाल्याने विचारलं, तुम्ही कुठले, हे म्हणाले मालवणचे, तो म्हणाला अरे वा, आणि दोघे गावाच्या गप्पा मारत उभे राहिले. डबा घरी आल्यावर मी झाकण उघडलं आणि मला शिंक आली. मग दुसरी. मग पाळण्यात ओजूला. मग गॅलरीत उभ्या असलेल्या शकुला.

"आधी काय दळलं होतं?"

"अगो, कुणाचा तरी मालवणी मसालो होतो," हे म्हणाले. "पण त्येणा चक्की पुसल्यान हां. मी बघलंय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मसाल्याने आलं की रागाने, ते मला आजही सांगता येणार नाही. सहा महिने पूर्ण व्हायला आलेले, उष्टावण परवावर, आणि माझ्याकडे नातीला भरवायला तिखट नाचणी. मी डोक्यावर पदर घेऊन, मान खाली घालून, स्टेशनजवळच्या दुकानात गेले आणि पाकीट आणलं. घरी येऊन ते माझ्या जुन्या पितळी डब्यात ओतलं आणि पाकीट कचऱ्यात खोल, भाजीच्या देठांखाली दाबलं. नेत्राने विचारलं, "आई, झालं सत्त्व?" मी म्हटलं, "झालं." ते झालेलंच होतं. कुणी केलं हे तिने विचारलं नाही.

उष्टावणाच्या दिवशी आमचा हॉल गच्च भरला. पहिला घास मामाने भरवायचा असतो, म्हणून नेत्राचा भाऊ प्रज्योत बोट बंदराला लावून थेट आला होता, अंगाला अजून समुद्र. सोनूबाई हिरवं लुगडं नेसून, गजरा, सगळं सोनं अंगावर. शकु, परब, तिसऱ्या मजल्याच्या बाई, सगळे. नेत्राने ओजूला एका उंच खुर्चीत पट्ट्याने बांधून बसवलं. ती खुर्ची सिद्धेशने जोडली होती आणि एक स्क्रू उरला होता, म्हणून तो स्वतः मागे खुर्ची धरून उभा.

मामाने खीर भरवायची. पण त्या खिरीत नेत्राच्या डॉक्टरांनी साखर घालू दिली नव्हती, मीठ नाही, गाईचं दूध नाही. म्हणजे पातळ भात. त्याला आम्ही सगळे एकमताने खीर म्हणत होतो. प्रज्योतने सोन्याची अंगठी त्यात बुडवून ओजूच्या ओठाला लावली. तिने चाटली. टाळ्या.

"आता नाचणी," नेत्रा म्हणाली. "आज एवढंच. आधी आई, मग मम्मी. एकेक चमचा."

आधी आई! मी वाटी घेतली. मी चमचा काठोकाठ भरला आणि उंच धरला, म्हटलं बघू देत सोनूबाईंना. "आ कर गं सोन्या." ओजूने ओठ घट्ट मिटले. मी चमच्याची आगगाडी केली, विमान केलं, चिऊ केली. ओजूने मान वळवून परबांकडे बघितलं. चमच्यातली नाचणी लाळेऱ्यावर सांडली. हॉलमध्ये कुणीतरी "होतं असं" म्हणालं, आणि ते ऐकून मला जास्तच लागलं.

मग सोनूबाई पुढे झाल्या. बांगड्या वाजल्या. "आ कर गो माजे बाय!"

आणि पोरीने आ केला. असा केला की पडजीभ दिसली. चमचा रिकामा. सोनूबाईंनी बोटाला लागलेलं जरा स्वतः चाखलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "विहीणबाय, आमचे इकडच्या दुकानातले पाकिटासारकीच लागते हो तुमची नाचणी." मला वाटलं, फरशी फुटावी आणि मी खालच्या मजल्यावर जावं. तिथे तरी कोण राहतं, तर कबुतरांचा फोटो ग्रुपवर टाकणारे.

नेत्रा हसत आपल्या मम्मीकडे बघत होती. संपलं, मी म्हटलं. गेली माझी नात वेसाव्याला. आता सोमवार ते शुक्रवार मी कुणाच्या डोक्याला तेल चोळू? मी पदर तोंडाला लावला. तेवढ्यात आमचे हे स्वयंपाकघरातून आले, कारण जग बुडालं तरी त्यांची चहाची वेळ बुडत नाही. हातात बशी, बशीत चहा, चहात बिस्कीट.

ओजूने बशी पाहिली. आणि काय सांगू, पोरगी पट्ट्यासकट उठायला लागली. हात नाचवले, खुर्चीवर टाचा आपटल्या, तोंड वासलं आणि "आऽ आऽ आऽ" करून ह्यांच्याकडे झेपावली. सिद्धेशच्या हातून खुर्ची निसटता निसटता राहिली.

नेत्रा सावकाश म्हणाली, "बाबा, ही तुमची बशी बघून तोंड का उघडते?"

ह्यांनी बशीकडे पाहिलं, ओजूकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "अगो, ता माझ्या बशीकडे टक लावन बघीत बसायचा. माका रवला नाय. इल्लुसा बिस्कीट. भिजवन."

"किती दिवस?"

"दिवस खयचे, दोन महिने झाले असतीत."

म्हणजे ते पेपराचं प्रेम! सोनूबाई फिदीफिदी हसायला लागल्या, आणि तिथेच त्या चुकल्या. गरीब माणसाला कोपऱ्यात गाठलं की तो कसा उलटतो बघा. हे म्हणाले, "विहीणबाय, हसा नको. त्या दिवशी वेसाव्याक बोंबलाच्या सारात बोट बुडवन कोणी चाटवल्यान? मी दारातसून बघलंय. तुम्ही माका म्हणालात, कोनाला बोलू नका. मी बोललंय नाय."

"मम्मी!" नेत्रा ओरडली.

"नुसता बोट गो," सोनूबाई एवढ्याशा आवाजात म्हणाल्या. एवढासा आवाज त्यांच्याकडे आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मग प्रज्योत उगीचच पायाकडे बघायला लागला. नेत्राने त्याच्याकडे नजर टाकल्यावर त्याने कबूल केलं, आइसक्रीमचा चमचा, एकदाच, वितळलेलं. शेवटी खुर्चीमागून माझा सिद्धेश म्हणाला, "मी फक्त वरणाचं पाणी दिलं गं. म्हटलं, प्रोटीन असतं." तिसऱ्या मजल्याच्या बाईंनी घाईघाईने चपला घातल्या. त्यांनी काय दिलं होतं देव जाणे.

नेत्राच्या डोळ्यांत पाणी आलं. "एकाने तरी? या घरात एका तरी माणसाने माझं ऐकलं का?" आणि ती माझ्याकडे वळली. "आई, आता तुम्ही पण सांगून टाका. मी तयार आहे."

"मी?" मी म्हटलं. "मी काही नाही दिलं."

"शक्यच नाही," शकु म्हणाली. मैत्रीण ती माझी!

सगळे माझ्याकडे बघत होते आणि एकाचाही विश्वास नव्हता. पाचव्या महिन्यापासून गाव गोळा करून ओरडणारी मी, आणि मीच एक खुळी शब्द पाळत बसले! मला अशी लाज वाटली, जशी चोरी करून पकडलेल्यांना वाटत नसेल. शेवटी ह्यांनीच साक्ष दिली. "नाय हो. हिणा काय्येक दिल्यान नाय. ही नुसती बोलता."

आता मी शब्दाला किती जागले आणि सत्त्व वेळेवर तयारच झालं नाही म्हणून किती जागले, याचा हिशेब मी कुणाला देणार नाही. कबुतरांनी माझी अब्रू वाचवली असं कुणाला म्हणायचं असेल तर म्हणा. नेत्रा उठली आणि सगळ्यांसमोर तिने माझा हात धरला. "ओजू आईंकडे राहील," ती म्हणाली. "आणि बाबांनी चहा स्वयंपाकघरात प्यायचा. दार लावून. आणि जेवताना मोबाईल, टीव्ही काही नाही. डॉक्टरांनी सांगितलंय."

मी सोनूबाईंकडे बघितलं. बघायचं नव्हतं, पण बघितलं. त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. माझ्या पोटातलं दुखणं थांबायला हवं होतं ना? थांबलं. एक दिवस.

कारण सोमवारी नेत्रा ऑफिसला गेली आणि मी वाटी घेऊन बसले. ओजूने ओठ मिटले. मंगळवारी मिटले. बुधवारी भोपळा भिंतीवर, भात माझ्या चष्म्यावर, आणि ती ओठ मिटून बसलेली. मी गाणं म्हटलं, शकुला नाचायला लावलं, खिडकीतली तीच ती कबुतरं दाखवली. गुरुवारी दुपारी ती रडून रडून लाल झाली आणि माझाही धीर सुटला. जिंकून आणलेली नात उपाशी ठेवून मी काय मिरवणार होते?

मी मोबाईल घेतला. माझ्या हाताला तो नंबर लावताना किती जड गेलं ते मलाच ठाऊक. व्हिडिओ लागला. आधी बर्फातले पापलेट दिसले, मग सोनूबाई.

"काय झयलं विहीणबाय?"

"खात नाही हो," मी म्हटलं. आणि भरलेली वाटी काचेसमोर धरली.

सोनूबाईंनी मोबाईल वजनकाट्याला टेकवून उभा केला, ओले हात लुगड्याला पुसले आणि काचेजवळ तोंड आणून म्हणाल्या, "ओजू! आ कर गो माजे बाय!"

पोरीने आ केला. मी घास घातला. समोर कुणी गिऱ्हाईक भाव विचारत होतं, सोनूबाई त्याला म्हणाल्या, "थांब रं, माजी नात जेवते." आणि परत आ. आणि परत माझा घास. वाटी पुसून रिकामी.

तेव्हापासून रोज दुपारी असंच चालतं. ओजू बघते त्यांच्याकडे, खाते माझ्या हातून. परवा वाटी संपल्यावर फोन ठेवायच्या आधी मीच म्हटलं, "सोनूबाई, मला फार हेवा वाटतो हो तुमचा. तुमच्याकडे बघितल्याशिवाय घास घेत नाही ती."

त्यांनी पलीकडे मोबाईल जरा जवळ ओढला. मागे कोयता चालल्याचा आवाज येत होता. "आनी मना तुमचा वाटते," त्या म्हणाल्या. "तुमचे हाताला ती लागते तरी. मी काचेनशी नुसती बघतंय."

मी ओजूचा हात धरून काचेवर टेकवला. तो चिकट होता, काच बरबटली. त्यांनी पलीकडून आपलं बोट तिथे लावलं.

संध्याकाळी नेत्रा आली. लेकीचं वजन बघून खूश झाली. "आई, तुमच्याकडे इतकं छान कसं खाते हो ती? मोबाईल नाही, काही नाही!"

"सवय लागते गं हळूहळू," मी म्हटलं, आणि काचेवरची नाचणी पदराने पुसून मोबाईल उद्यासाठी चार्जिंगला लावला.